भुकेचा हिशेब कोण ठेवतो?

दिवाळीनंतरच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या शिवारात गेलात, तर कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया तुम्हांला दिसतील. सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत त्यांचे चालणे, वाकणे, वेचणे चालू असते. आज आपल्या शरीराने किती ऊर्जा खर्च केली याचे गणित त्यांच्यापैकी कोणीही मांडत नाही. तरीही वेचणीचे दिवस सुरू झाले की जेवणातली भाकरी वाढते आणि काम संपले की ती पुन्हा कमी होते. हा हिशेब ठेवतो कोण?

पदार्थविज्ञान शिकणाऱ्याला हा प्रश्न ऊर्जेच्या जमाखर्चाचा वाटतो. म्हणून आपण आधी थोडी आकडेमोड करू.

शंभर वॉटचा दिवा

एक प्रौढ माणूस दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरी ऊर्जा अन्नातून घेतो असे धरा. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८४ ज्यूल. म्हणजे दिवसाची ऊर्जा झाली सुमारे ८४ लाख ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करून पाहा: उत्तर येते सुमारे ९७ वॉट. आपण प्रत्येक जण शंभर वॉटच्या दिव्याएवढ्या दराने रात्रंदिवस ऊर्जा वापरत असतो!

आता दहा वर्षांचा हिशेब घ्या. हा माणूस दहा वर्षांत ७३ लाख किलोकॅलरी अन्न खातो. शरीरात साठलेल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. समजा, दहा वर्षांत त्याचे वजन तीन किलोने वाढले. म्हणजे शिल्लक राहिली सुमारे २३ हजार किलोकॅलरी. ७३ लाखांत २३ हजार म्हणजे हजारात सुमारे तीन! कोणत्याही दुकानदाराला हेवा वाटावा असा हा चोख जमाखर्च आहे.

उलट, रोज फक्त पाव भाकरी, म्हणजे ५० किलोकॅलरी, जास्त खाल्ली आणि ती सगळी साठत गेली, तर वर्षाला दोन किलोंहून अधिक आणि दहा वर्षांत सुमारे २४ किलो वजन वाढायला हवे. अर्थात हे गणित ढोबळ आहे, कारण वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो. पण मुद्दा लक्षात येतो. पाव भाकरीएवढी चूक डोळ्यांनी मोजून टाळता येणार नाही. ती टाळणारी यंत्रणा शरीराच्या आतच असली पाहिजे.

रक्तातून जाणारे निरोप

घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा तुम्ही पाहिला असेल. पाणी खाली गेले की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. येथे पातळीची खबरच नळाला हलवते. शरीरातही अशीच सोय आहे. फक्त खबर पोचवण्याचे काम तेथे रसायने करतात.

अशा रसायनांना संप्रेरके किंवा हॉर्मोन्स म्हणतात. १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी सिक्रेटिन हे आतड्यातून निघणारे संप्रेरक शोधले, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी हॉर्मोन हा शब्द वापरात आणला. संप्रेरक एका ठिकाणी तयार होते, रक्तातून वाहत जाते आणि दूरच्या अवयवाला काम सांगते.

भुकेच्या आणि चयापचयाच्या कारभारातील काही मुख्य संप्रेरकांची ओळख करून घेऊ.

गळ्यातील अवटू ग्रंथीचे थायरॉक्सिन शरीराच्या भट्टीची आच ठरवते. ते कमी पडले तर माणसाला थंडी वाजते, सुस्ती येते, वजन वाढू लागते. ते जास्त झाले तर खाऊनही वजन घटते. थायरॉक्सिन बनवायला आयोडीन लागते, म्हणून मिठात आयोडीन मिसळतात.

स्वादुपिंडातील इन्शुलीन हे कोठाराचे कारभारी. भाकरी पचून रक्तात साखर वाढली की इन्शुलीन स्रवते आणि ती साखर स्नायूंत व चरबीच्या पेशींत भरायला लावते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे काढले आणि मधुमेही मुलांना जीवदान मिळाले.

घ्रेलिन रिकाम्या जठरातून निघते आणि मेंदूला ‘जेवणाची वेळ झाली’ असे सांगते. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधले. जेवणाआधी ते वाढते, जेवणानंतर उतरते. याच्या उलट, अन्न आतड्यात पोचले की तेथून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक निघते आणि ‘आता पुरे’ असा निरोप जातो. मधुमेहासाठी आणि लठ्ठपणासाठी हल्ली दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात.

हे सारे निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागात येऊन मिळतात. पण जठर आणि आतडे फक्त आजच्या जेवणाची खबर देतात. महिनोन्‌महिन्यांची शिल्लक, म्हणजे टाकीची पातळी, मेंदूला कोण कळवते?

दोन उंदरांचे कोडे

१९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एक विलक्षण लठ्ठ उंदीर सापडला. तो सतत खात असे. पुढे १९६६ साली तेथेच लठ्ठ उंदरांचा दुसरा एक वंश उजेडात आला. त्यांना मधुमेहही होता. पहिल्याला आपण ‘क’ म्हणू, दुसऱ्याला ‘ख’. डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने अशा जोडल्या की एकाचे रक्त दुसऱ्यात जाऊ लागले. मग काय झाले पाहा.

‘क’ला साध्या उंदराशी जोडले: ‘क’ कमी खाऊ लागला. ‘ख’ला साध्या उंदराशी जोडले: ‘ख’ लठ्ठच राहिला, पण साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. ‘ख’ला ‘क’शी जोडले: ‘क’ने खाणे सोडले.

पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतः अनुमान काढा.

कोलमन यांचे अनुमान असे होते. रक्तात ‘कोठार भरले आहे’ असे सांगणारा काही पदार्थ असला पाहिजे. ‘क’ला तो पदार्थ बनवताच येत नाही, पण दुसऱ्याकडून मिळाला तर तो ऐकतो. ‘ख’ तो पदार्थ भरपूर बनवतो, पण त्याचा मेंदू बहिरा आहे. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क’मध्ये बिघडलेले जनुक शोधून काढले आणि कोलमन यांचे अनुमान खरे ठरले. त्या पदार्थाला लेप्टिन असे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘लेप्टॉस’ म्हणजे कृश.

सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे लेप्टिन बनते चरबीतच! तोवर चरबी म्हणजे मुकाट पडून राहिलेली गोणी अशीच बहुतेकांची समजूत होती. ती गोणी आपले वजन स्वतःच मेंदूला कळवते हे आता कळले.

खादाड की आजारी?

१९९७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी नात्यातील दोन मुलांविषयी लिहिले. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. कोठार भरून वाहत असताना मेंदूला वाटत होते की दुष्काळ पडला आहे! पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देऊ लागताच तिची भूक आटोक्यात आली आणि वर्षभरात वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. त्या मुलीला कोणी खादाड म्हणाले असेल, तर तो तिच्यावर केवढा अन्याय होता!

लेप्टिनच्या अभावाचा हा आजार अतिशय दुर्मिळ आहे. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असते, पण मेंदू ते पुरेसे ऐकत नाही. म्हणून लेप्टिनचे इंजेक्शन हा सर्वांच्या लठ्ठपणावरचा उपाय ठरला नाही. आणि कोणी एकदम कडक उपास सुरू केले, तर लेप्टिन झपाट्याने घसरते, भूक वाढते आणि शरीराची भट्टी मंद होते. उपास सोडल्यावर गेलेले वजन पुष्कळदा परत येते ते यामुळे. वर्गातल्या जाड मुलाला चिडवण्याआधी किंवा बारीक होण्यासाठी डबा न खाता परत नेण्याआधी हे आठवा.

बारीक बाळांतील चरबी

आता आपल्या महाराष्ट्रातील एका संशोधनाकडे वळू. वजनाचा काटा एकूण वस्तुमान सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही. इन्शुलीन आणि लेप्टिन यांना मात्र हा फरक बरोबर कळतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. येथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान असतील असे वाटेल. पण मापे घेतली तेव्हा स्नायू फार कमी आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून आहे असे दिसले. २००२ साली पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बाळांत इन्शुलीन अधिक होते, आणि वजनाच्या मानाने लेप्टिनही अधिक होते. मधुमेहाकडे नेणारी वाट पाळण्यापासूनच सुरू होऊ शकते, असा त्याचा अर्थ.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपली स्वतःची मापे छापली. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले तर दोघांचाही आकडा २२.३! पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

सहा खेड्यांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची होती. नुसत्या एकूण उष्मांकांशी असा स्पष्ट संबंध दिसला नाही. आणि गरोदरपणी ज्यांच्या वाट्याला शेतातले व घरातले कष्ट जास्त, त्यांची बाळे लहान होती. मुकुटबनच्या शिवारात वाकून कापूस वेचणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात भाकरीबरोबर पालेभाजी आणि वाटीभर दूध आहे का, दुपारी तिला विसावा मिळतो का, हा प्रश्न म्हणूनच पुढच्या पिढीच्या संप्रेरकांचाही प्रश्न आहे.

करून पाहा

१. आठवडाभर एका वहीत रोज भूक लागल्याची वेळ लिहा. शाळेच्या दिवसांची आणि रविवारची तुलना करा. घ्रेलिन ठरलेल्या जेवणवेळेच्या सुमारास वाढते. तुमच्या नोंदींत हे दिसते का?

२. घरातील मोठ्या माणसाच्या उंचीएवढी दोरी घ्या, ती मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोके एकमेकांना मिळाली नाहीत, तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे. अशा माणसाने, मग तो दिसायला सडपातळ का असेना, रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी.

३. घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल, तर तिच्या चार दिवसांच्या जेवणात पालेभाजी, फळ आणि दूध किती वेळा आले याची यादी तिला विचारून करा. यादीत रिकामी जागा दिसली, तर ती घरातल्या मोठ्यांना दाखवा.