मुलांच्या पोटगीचा आकडा बदलता येतो

घटस्फोट झाला तेव्हा मूल बालवाडीत होतं. त्या वेळी ठरलेले महिन्याचे पाच हजार दहावीत क्लासच्या फीलाही पुरत नाहीत. तरी ‘कोर्टाने एकदा ठरवलं ते ठरलं’ असं समजून कितीतरी जणी गप्प बसतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ नुसार (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७) परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं, तर पोटगीची रक्कम बदलता येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालीही मुलांबाबतचे आदेश नंतर बदलून मागता येतात. हा मार्ग दोघांनाही खुला आहे. नोकरी गेलेला बापही कपात मागू शकतो. पण परस्पर पैसे कमी करणं महागात पडतं. थकबाकीसाठी वॉरंट निघतं, प्रसंगी तुरुंगवासही होतो. थकबाकी वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. ही मुदत हमखास चुकते.

खरी लढाई कागदांची. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. तेव्हा ‘महागाई वाढली’ एवढं मोघम लिहून भागत नाही. शाळेच्या पावत्या, औषधांची बिलं, रिक्षाचा खर्च महिनावार मांडा. पोटगीचे पैसेही रोख न घेता बँकेतूनच घ्या, म्हणजे कधी किती आले यावर वाद उरत नाही.