रेंगाळणारी पॉवर विंडो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीच्या दरवाज्याची काच बटण दाबल्यावर सावकाश चढू लागली, की तिची मोटर निकामी होत आली आहे, असा निष्कर्ष बहुधा दरवाजा उघडून पाहण्यापूर्वीच काढला जातो. मंदावणे हा स्वतंत्र बिघाड नसून ते केवळ एक लक्षण आहे आणि त्याचे मूळ शोधण्यासाठी यंत्रणेची रचना थोडक्यात समजून घेणे आवश्यक ठरते. दरवाज्याच्या पोकळीत 12 व्होल्टवर चालणारी एक लहान डी.सी. मोटर असते, तिच्या दांड्यावरील मळसूत्री दात, म्हणजे वर्म गिअर, तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. हा जोर रेग्युलेटरकडे, म्हणजे काच उचलणाऱ्या यंत्रणेकडे, जातो. रेग्युलेटर कात्रीसारख्या भुजांचा असतो किंवा पुल्यांवरून फिरणाऱ्या पोलादी तारेचा असतो. काचेच्या उभ्या कडा रबरी चॅनेलमधून, म्हणजे आतून मऊ अस्तर असलेल्या खाचेतून, सरकतात.

अशा मोटरचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: तिला मिळणारा विद्युतदाब घटला की वेग घटतो आणि तिच्यावरील भार वाढला तरीही वेग घटतो. त्यामुळे काच मंदावली असता पहिला प्रश्न मोटर बदलावी की नाही हा नसून, भार वाढला आहे की दाब कमी पडतो आहे हा असतो. पुढील बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळेच निर्माण होतात.

गैरसमज: काच हळू चढते, म्हणजे मोटर गेली.

वस्तुस्थिती: जुन्या गाड्यांत याचे अगदी नेहमीचे कारण रबरी चॅनेल हे असते. उन्हाने रबर कडक होते, त्याचे अस्तर झिजते आणि खाचेत धूळ व चिखल साचून घट्ट बसतो. त्यामुळे काचेच्या दोन्ही कडांवर घर्षण वाढते आणि निर्दोष मोटरही धापा टाकू लागते. काच उतरताना ठीक, पण चढताना मंद असणे हाही मोटरच्या दोषाचा पुरावा नव्हे. 4 मिलिमीटर जाडीच्या, सुमारे 0.35 चौरस मीटर क्षेत्रफळाच्या काचेचे वजन साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास भरते. हे वजन चढताना मोटरला पेलावे लागते, तर उतरताना तेच तिच्या मदतीला येते, म्हणून घर्षणाचा परिणाम वर जाताना प्रथम दिसतो. काच चढत असताना दोन्ही बाजूंनी तळव्यांनी तिला हलकासा आधार दिला आणि वेग लगेच वाढला, तर मोटरची ताकद भारापुढे अपुरी पडते आहे एवढे नक्की होते आणि अशा वेळी चॅनेल व रेग्युलेटर आधी तपासणे योग्य ठरते; मात्र ही केवळ परीक्षा आहे, काच रोज हाताने ओढून वर आणल्यास तारेच्या रेग्युलेटरची तार पुलीवरून उतरू शकते.

मोटर खरोखरच खराब होते, हेही खरे. तिच्यातील कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे, झिजतात आणि पाणी शिरल्यास आतील भाग गंजतात. परंतु काच रेग्युलेटरपासून सोडवून वरच्या बाजूला पक्की अडकवल्यानंतर आणि मोटरला बॅटरीतून थेट वीज दिल्यानंतरही ती मंदच फिरत असेल आणि रेग्युलेटर स्वतः अडकत नसेल, तरच दोष मोटरकडे जातो.

गैरसमज: चॅनेलमध्ये तेल किंवा ग्रीस सोडले की काम भागते.

वस्तुस्थिती: खनिज तेलाने दरवाज्याचे रबर फुगते आणि मऊ पडते, तर ग्रीसवर धूळ चिकटून तिचा घासणारा लगदा तयार होतो, म्हणून काही दिवस हलकी चाललेली काच पुढे पूर्वीपेक्षा जड होते. गंज सोडवण्यासाठी वापरले जाणारे स्प्रेही येथे उपयोगी नाहीत, कारण त्यांतील बराचसा द्रावक उडून जातो आणि टिकाऊ वंगण मागे राहत नाही. योग्य क्रम असा, की काच पूर्ण खाली घेऊन पातळ पट्टीला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने खाच साफ करावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मगच सिलिकॉन स्प्रेचा हलका थर द्यावा. ग्रीसची जागा रेग्युलेटरच्या धातूच्या सांध्यांवर आणि सरकत्या पट्टीवर आहे, रबरावर नाही. आणि चॅनेलचे अस्तर झिजून गेले असल्यास कोणतेही वंगण चॅनेल बदलण्याला पर्याय ठरत नाही.

गैरसमज: बॅटरी कमजोर झाल्यामुळे काच मंदावते.

वस्तुस्थिती: बॅटरी सर्व दरवाज्यांना एकच वीज पुरवते, त्यामुळे चारपैकी एकच काच मंद असेल तर बॅटरीला दोष देता येत नाही. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो, तर इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे विद्युतजनित्र, तो बहुतेक गाड्यांत 14 व्होल्टच्या आसपास नेते. म्हणून इंजिन सुरू केल्यावर सर्व काचा थोड्या वेगाने चालणे हे स्वाभाविकच आहे. सर्व काचा मंद असतील आणि इंजिन सुरू केल्यावर त्या स्पष्टपणे सुधारत असतील, तरच बॅटरीची तपासणी आधी करणे तर्काला धरून होते.

गैरसमज: स्विच एक तर चालतो, नाही तर बंद पडतो.

वस्तुस्थिती: स्विचमध्ये तिसरी अवस्थाही असते. साध्या रचनेच्या गाड्यांत मोटरचा संपूर्ण प्रवाह स्विचच्या संपर्कबिंदूंतून जातो. दर वेळी उडणाऱ्या बारीक ठिणगीने ते बिंदू करपतात आणि तेथे रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, निर्माण होतो. हा रोध केवळ 0.3 ओहम आणि प्रवाह 8 अँपिअर धरला, तरी 2.4 व्होल्ट स्विचमध्येच खर्च होतात आणि सुमारे 19 वॅट उष्णता त्या इवल्याशा जागेत निर्माण होते. काच चालवताना स्विच कोमट लागणे ही त्याचीच खूण असते.

डाव्या पुढच्या दरवाज्याच्या बाबतीत हा शोध आणखी चकवणारा ठरतो. साध्या रचनेच्या अनेक गाड्यांत त्या दरवाज्याच्या स्विचला अर्थ, म्हणजे वीज परत जाण्याचा मार्ग, चालकाकडील मुख्य स्विचमधून मिळतो. त्यामुळे डावीकडचे बटण दाबले तरी प्रवाह दोन्ही स्विचमधून जातो आणि मुख्य स्विचचे बिंदू करपले असतील तर डावी काच तिच्या स्वतःच्या बटणावरही रेंगाळते. ती एका बटणावर मंद आणि दुसऱ्यावर वेगाने चालत असेल, तर मोटर, रेग्युलेटर आणि चॅनेल हे तिन्ही भाग निर्दोष ठरतात, कारण ते दोन्ही वेळा तेच असतात. अलीकडच्या ज्या गाड्यांत स्विच केवळ संदेश देतो आणि प्रवाह इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सोडते, त्यांना मात्र हे विवेचन लागू होत नाही.

गैरसमज: कनेक्टरवर 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वायरिंग ठीक आहे.

वस्तुस्थिती: मोटरचा कनेक्टर सुटा करून मल्टिमीटर लावला, तर मापकातून नगण्य प्रवाह वाहतो आणि प्रवाहच नसल्यामुळे वाटेतील रोधावर दाब गळत नाही, एखाद्या वायरचे दोन-तीनच तंतू उरले असले तरी मापक पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. म्हणून दाब मोजायचा तो कनेक्टर जोडलेला ठेवून, काच चढत असताना, मोटरच्या दोन टोकांमध्ये. त्या क्षणी बॅटरीवर 12.4 आणि मोटरवर 9 व्होल्ट आढळले, तर उरलेला दाब वाटेत हरवतो आहे आणि तो स्विचमध्ये, कनेक्टरमध्ये, अर्थमध्ये की वायरमध्ये हरवतो हे टप्प्याटप्प्याने शोधता येते. दरवाजा आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतून जाणारी वायर दरवाजाच्या प्रत्येक उघडझापीत वाकते व तिचे तंतू तेथेच तुटतात. दरवाजा थोडा उघडल्यावर काचेचा वेग बदलत असेल, तर संशय याच जागेवर घ्यावा.

गैरसमज: फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा बसवावा.

वस्तुस्थिती: अडलेल्या मोटरमधून मोकळ्या मोटरच्या कित्येक पट प्रवाह वाहतो, कारण फिरताना मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालते आणि थांबताच हा आवर नाहीसा होतो. फ्यूजची क्षमता वायरच्या जाडीनुसार ठरवलेली असते, त्यामुळे मोठा फ्यूज बसवल्यास फ्यूजऐवजी वायर तापते आणि आगीचा धोका उद्भवतो.

गैरसमज: काच मध्येच थांबली किंवा उलट फिरली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बिघाड झाला.

वस्तुस्थिती: अनेक मोटरींत उष्णतेने प्रवाह तोडणारे संरक्षण असते, मुलांनी काच सतत वर-खाली केल्यास ते मोटर थांबवते आणि काही मिनिटांनी थंड झाल्यावर ती पुन्हा चालू लागते. एका स्पर्शात आपोआप बंद होणाऱ्या काचांना बोटे चिमटू नयेत यासाठीचे संरक्षणही असते. अमेरिकेच्या संघीय वाहनसुरक्षा मानक क्रमांक 118 नुसार अशी काच 4 ते 200 मिलिमीटरच्या फटीत अडथळ्यावर 100 न्यूटनचा, म्हणजे साधारण 10 किलोग्रॅम वजनाइतका, जोर पडण्यापूर्वी उलट फिरावी लागते. ही यंत्रणा मोटरच्या गतीतील किंवा प्रवाहातील बदलावरून अडथळा ओळखते, त्यामुळे मळलेल्या चॅनेलचे घर्षणही तिला अडथळाच वाटू शकते. बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतर हे स्वयंचलित कार्य अनेक गाड्यांत नव्याने नोंदवावे लागते. त्याची रीत गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

गैरसमज: दरवाज्याच्या आत पाणी जाताच कामा नये.

वस्तुस्थिती: पावसाचे थोडे पाणी काचेलगतच्या रबरी पट्टीतून आत उतरणार हे रचनेत गृहीतच धरलेले असते आणि ते दरवाज्याच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. बिघाड घडतो तो ही छिद्रे चिखलाने बुजल्यावर किंवा दुरुस्तीनंतर आतली प्लॅस्टिकची चादर फाटकीच ठेवल्यावर, कारण मग साचलेल्या पाण्याने आणि ओलाव्याने रेग्युलेटर व कनेक्टर गंजतात. कोकण किनाऱ्यावर, जेथे पावसाला खाऱ्या हवेची जोड मिळते, तेथे पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे बारीक काडीने मोकळी करणे विशेष हिताचे असते.

या सर्वांतून तपासणीचा क्रम आपोआप ठरतो: मंद काच एक आहे की सर्व, इंजिन सुरू केल्यावर फरक पडतो का, दोन बटणांवर वेग सारखा आहे का, हाताच्या आधाराने काच हलकी होते का आणि अखेरीस भार असताना मोटरवर दाब किती मिळतो. पहिल्या चार प्रश्नांना कोणतेही हत्यार लागत नाही आणि त्यांची उत्तरे गॅरेजमध्ये जाताना जवळ असली, तर मेकॅनिकला नव्या मोटरपासून सुरुवात करण्याचे कारण उरत नाही.