मोरावळ्याची बरणी

कोजागरी सरली की माळव्यातील रात्री शीतल होऊ लागतात आणि इंदूर-देवासकडील मराठी घरांत गप्पांना एक विषय लाभतो : यंदा रानात आवळा कसा धरला आहे?

वेचून आणलेले आवळे टोचून तुरटीच्या पाण्यात ठेवावयाचे, धुऊन वाफवावयाचे, मग साखरेच्या पाकात मुरवावयाचे. आवळ्याचे पाणी सुटून एकतारी पाक पातळ होतो व त्यास बुरशी धरते. म्हणून दोन दिवसांनी तो पुन्हा आटवावा लागतो. किती आटवावा, हे बोटांत तार धरूनच कळते, आणि तेही शेजारी बसणाऱ्यालाच.

महाराष्ट्राबाहेर आपली भाषा टिकली, ती अशाच शेजारी बसण्यातून. वाचकहो, यंदा बरणी भरताना मुलांना जवळ घ्या. मोरावळ्याबरोबर ‘मुरणे’ हा शब्दही त्यांच्या जिभेवर राहील.