आगगाडीतली गाळलेली वाफ

किटलीला उकळी फुटली की तिच्या चोचीकडे नीट बघा. पांढरा झोत चोचीला चिकटून सुरू होत नाही. मध्ये बोटभर जागा अगदी कोरी दिसते. खरी वाफ तिथे असते. पुढचं पांढरं म्हणजे हवेत निवून पुन्हा थेंब झालेलं पाणी. जन्मभर जिला वाफ म्हटलं, ती वाफ नव्हेच! (त्या कोऱ्या जागेत बोट मात्र घालू नका. एक ग्रॅम वाफ कातडीवर नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेवढंच उकळतं पाणी अंगाइतकं निवताना साठ-पासष्ट.)

ही न दिसणारी वाफ रसायनशास्त्रातलं संयुग आहे का? आहे, पण वेगळं नाही, पाणीच ते. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू स्वतः फुटत नाही. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन हे बिऱ्हाड तसंच राहतं, फक्त त्याला जागा अफाट लागते: एक लिटर पाण्याच्या वाफेला सोळाशे लिटरहून जास्त. बिऱ्हाड मोडायला उकळी पुरत नाही. १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं बंदुकीची लोखंडी नळी लालबुंद तापवून तिच्यातून वाफ सोडली. ऑक्सिजन लोखंडानं धरून ठेवला आणि दुसऱ्या टोकातून पेट घेणारा वायू बाहेर आला, हायड्रोजन. पाणी हे मूलतत्त्व, हा जुना समज टिकणं त्यानंतर अवघड झालं.

भाषेतली संयुगं म्हणजे समास. ‘वाफ’ हा शब्द ‘बाष्प’वरूनच आला, पण समासाची वेळ आली की आपण आजीलाच पुढे करतो: बाष्पयंत्र, बाष्पशक्ती, बाष्पस्नान. संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूही. तेही पाणीच.

मला मात्र भुरळ घालतो तो वाफ नसलेला शब्द. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. बघणाऱ्यांना दिसत होती आग आणि दिसत होती गाडी. शब्द झाला आगगाडी. समुद्रावर तशीच आगबोट. शाळेत मध्यमपदलोपी समास शिकलो होतो ना? पुरण भरलेली पोळी ती पुरणपोळी. तसा आगगाडीचा विग्रह करून बघा: आगीनं पाण्याची वाफ करून तिच्या जोरावर चालणारी गाडी. जी सगळं ओझं ओढते, नेमकी तीच मधून गळाली. किटलीच्या चोचीशी दिसत नाही, शब्दातही दिसत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबई ते कुर्ला विजेची गाडी धावली. पुढे आगही गेली, वाफही. पण पोरं एकमेकांचे सदरे धरून अंगणात ‘झुकझुक’ करत पळतात, तो आवाज वाफेचाच आहे: सिलिंडरातलं काम उरकून धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचा.