टाकीत टीसीएल टाकली, तरी ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं का होत नाही?

पिंपळगाव राजा असो की खामगाव तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, पावसाळ्यात जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि रजिस्टरला नोंद होते. पण शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकले, की कधी कधी पिवळा रंग येतच नाही. मग पावडर गेली कुठे?

पहिला संशय पावडरवरच घ्यायचा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरिन असतो. गोणी उघडी राहिली, ओल लागली किंवा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिली की तो उडत जातो. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नसते. हिशोब करून बघा. 1000 लिटरला 5 ग्रॅम या मापाने 1 लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पावडर लागते. ती 33 टक्क्यांची असेल तर लिटरला 1.65 मिलिग्रॅम क्लोरिन मिळतो, 15 टक्क्यांची असेल तर फक्त 0.75. वजन तेवढंच, नोंदही तीच, औषध मात्र निम्म्याहून कमी.

पावडर चांगली असेल तर पाण्याकडे बघा. गढूळ पाण्यातली माती आणि सेंद्रिय घाण आधी क्लोरिन खाते, उरलेला जंतूंच्या वाट्याला येतो. म्हणून आधी तुरटीने पाणी निवळून घ्यायचं. टाकीपाशी रंग येतो आणि शेवटच्या नळाला येत नाही, तर वाटेतली पाइपलाइन तपासायला हवी. गटाराचं पाणी आत शिरत असू शकतं. नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरायला हवा, साथीच्या काळात 0.5.

रंग पहिल्या दहा सेकंदांतच बघायचा. मोकळा क्लोरिन लगेच पिवळा रंग देतो. उशिरा चढणारा रंग अमोनियासोबत बांधल्या गेलेल्या क्लोरिनचा असतो आणि तो जंतू मारण्यात बराच कमकुवत. रिसॉर्टमधल्या मिठाच्या गरम टबातही हीच गडबड होते. घामामुळे क्लोरिन बांधला जातो, उग्र वास सुटतो आणि लोकांना वाटतं औषध जास्त झालं. खरं तर ते कमी पडलेलं असतं.

खारं पाणी म्हणजे जंतू मेले?

नाही. त्या टबात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरिन तयार करतात. नुसत्या मिठात असतो तो क्लोराइड, त्याने जंतू मरत नाहीत. बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे, पण त्यालाही टीसीएल लागतेच. उलट, टीसीएलने खारटपणा तसूभरही कमी होत नाही. त्याला गोड्या पाण्याची योजना किंवा आरओ हाच इलाज.

यात पीएचचा मुद्दा बहुतेक वेळा सुटतो. पीएच 7.5 असेल तर क्लोरिनचा निम्मा भाग जोरकस रूपात राहतो, 8.5 झाला की जेमतेम दहावा हिस्सा. ओटीला दोन्ही सारखेच पिवळे दिसतात! म्हणजे अल्कधर्मी पाण्यात रंग आला तरी जंतू मरायला वेळ जास्त लागतो. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं हा नियम आहेच, अशा पाण्याला त्याहून जास्त वेळ द्यावा.

आरओचा जार घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या यंत्रातला कार्बन फिल्टर क्लोरिन काढून टाकतो. जार किंवा नळाची तोटी अस्वच्छ असेल, तर आत गेलेल्या जंतूंना अडवणारं काही उरत नाही.

आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून वर्षातून दोनदा ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कोणतं, हे ग्रामपंचायतीत विचारता येतं. तिथेच ओटी टेस्ट करून दाखवा म्हणायचं, पण टाकीजवळच्या नळाला नव्हे, गावाच्या टोकाच्या नळाला. आणि टेस्टचं पाणी पिऊ नका, गुरांच्या हौदातही ओतू नका. ओटी हे रसायन विषारी आहे.