प्लॅटफॉर्म प्रकारच्या व्हिडिओ गेममधील पातळीचा विस्तार आणि मांडणी : 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रकल्प म्हणून व्हिडिओ गेम सादर करणारे विद्यार्थी आता विरळ राहिलेले नाहीत. मूल्यमापनाच्या वेळी त्यांना बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो 'पातळ्या किती?' आणि दुसरा, 'त्या केवढ्या मोठ्या?' प्रस्तुत लेखकानेही हे प्रश्न अनेकदा विचारले आहेत आणि त्यांच्या उत्तरांवर गुणही दिले आहेत. विस्तारावरून रचनेची योग्यता ठरविण्याची ही सवय कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार येथे एका अभिजात उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

पात्राने धावत, उड्या मारत, खड्डे व शत्रू चुकवीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे, हे प्लॅटफॉर्म प्रकारच्या खेळाचे ढोबळ स्वरूप होय. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये प्रत्येक पातळी एका पडद्यात मावत असे. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, डेव्हिड क्रेन यांनी 'अटारी २६००' या यंत्रासाठी 'पिटफॉल' हा खेळ रचला. त्यात एकाला एक जोडलेले २५५ पडदे होते. ज्या यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती, त्यावर एवढे जंगल उभे राहिले ही गोष्ट आजही थक्क करते. मात्र हे पडदे कोणी एकेक करून आखलेले नव्हते. एका संख्येपासून पुढची संख्या निर्माण करणारे एक गणिती सूत्र आणि त्या संख्येतील बिटांवरून ठरणारी झाडे, खड्डे व मगरी, एवढ्यावर ते सारे उभे होते. त्यासाठी लागलेली जागा पन्नास बाइटांच्या आसपास होती. विस्तार किती स्वस्तात मिळू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

वहीतला आलेख आणि कॅसेटमधील जागा

१९८५ मध्ये निन्टेंडोने प्रसिद्ध केलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची दिशा निराळी होती. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे पातळ्या चौकटींच्या कागदावर हाताने आखत. दुरुस्ती करावयाची झाल्यास वर पारदर्शक कागद ठेवून ती दाखवीत आणि मग तो आराखडा आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे जाई. कागदावरचा प्रत्येक चौकोन म्हणजे पडद्यावरील १६ पिक्सेलांची एक वीट. पडद्याची रुंदी २५६ पिक्सेल, म्हणजे १६ विटा. पहिली पातळी सुमारे २११ विटा लांब आहे. म्हणजे सव्वातेरा पडदे, 'पिटफॉल'च्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके.

कॅसेटमध्ये आज्ञावली व पातळ्यांसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट जागा होती. खेळाच्या क्षेत्राची उंची १३ विटांची. प्रत्येक विटेला एक बाइट दिला असता, तर या लांबीच्या बारा पातळ्यांतच ते ३२ किलोबाइट भरून गेले असते, आणि पातळ्या तर ३२ होत्या. म्हणून विटा न साठवता वस्तूंची यादी साठविली गेली. प्रत्येक वस्तूला दोन बाइट. पहिल्या बाइटात आडवे व उभे स्थान, दुसऱ्यात वस्तूचा प्रकार आणि 'येथून पुढचा पडदा सुरू' असे सांगणारी एक खूण. जमीन एकदा सांगितली की बदल सांगेपर्यंत तशीच चालू राहते. खड्डासुद्धा यादीतील एक नोंदच असतो. या पद्धतीत सपाट लांबीला जवळपास काहीच मोल पडत नाही, मोल पडते ते प्रत्येक वस्तूचे. परिणामी कोणती वस्तू कोठे ठेवायची, हा प्रश्न काटकसरीचाही झाला. ढग आणि झुडपे यांची आकृती एकच असून केवळ रंग बदललेला आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्या मानाने कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की, पाच पातळ्यांचे आराखडे पुढे पुन्हा वापरले आहेत. उदाहरणार्थ, १-३ चा आराखडा ५-३ मध्ये येतो, तेव्हा फळ्या आखूड झालेल्या असतात आणि तोफगोळे सुटू लागतात.

पहिल्या पातळीची मांडणी

आरंभीच्या पडद्यावर एकही शत्रू नाही, खड्डा नाही. मारिओ डावीकडे उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. सूचना कोणतीच नाही, परंतु जायचे कोठे हे विचारावे लागत नाही. थोडे पुढे गेल्यावर पहिला शत्रू समोरून चालत येतो आणि उडी मारणे भाग पडते. वरच्या प्रश्नचिन्हाच्या विटेतून निघालेले अळंबे उजवीकडे घरंगळते, नळाला आपटून परत फिरते आणि बहुधा खेळाडूच्या अंगावरच येते. अळंबे हितकारक असते, हे खेळाडूला अशा रीतीने जवळजवळ सक्तीने कळते. पाठोपाठ येणारे नळ दोन, तीन आणि चार विटा उंच आहेत. उभ्या उडीची कमाल उंची चार विटांहून किंचितच अधिक असल्याने, उडीचे बटण दाबून धरल्याखेरीज शेवटचा नळ ओलांडता येत नाही.

पातळीच्या उत्तरार्धातील दोन जिन्यांची जोडी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. प्रथम चढता व उतरता असे दोन जिने येतात, त्यांच्यामध्ये दोन विटांची जमीन. उडी चुकली तर खेळाडू खाली पडतो, पण मरत नाही. लगेच पुढे तसेच दोन जिने, तेवढेच अंतर, फक्त मध्ये जमिनीऐवजी खड्डा. उदाहरण आधी वर्गात सोडवून मग परीक्षेत घालावे, तसाच हा प्रकार. अभ्यासक्रम आखणाऱ्या अध्यापकांना तो परका वाटू नये.

मांडणीवर आणखी एक बंधन होते, ते दृष्टीचे. मारिओ पडद्याच्या मध्याच्या जरा डावीकडे राहतो, त्यामुळे पुढच्या सुमारे आठच विटा दिसतात. पूर्ण वेगाने धावताना तो सेकंदाला नऊहून अधिक विटा ओलांडतो. म्हणजे पुढची वस्तू दिसल्यानंतर हालचालीला एक सेकंदही उरत नाही. शिवाय पडदा मागे सरकत नाही, मागे सुटलेले सुटले. अडथळे नसते तर ही पातळी बावीसएक सेकंदांत संपली असती. घड्याळात मात्र ४०० एकके दिली आहेत. प्रत्येक एकक २४ चौकटींचे, म्हणजे ०.४ सेकंदाचे, त्यामुळे एकूण १६० सेकंद मिळतात. बावीस सेकंदांच्या लांबीला १६० सेकंद देताना रचनाकारांनी थांबणे, चुकणे, विटा फोडून पाहणे आणि नळातून तळघरात डोकावणे हे सारे हिशेबात धरले होते.

मांडणी बदलल्यास

विस्तार तोच ठेवून मांडणी बदलली तर काय होते, याचा पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे. १९८६ मध्ये जपानात 'सुपर मारिओ ब्रदर्स २' प्रसिद्ध झाला. विटा त्याच, उडी जवळपास तीच, पातळ्याही साधारण तशाच लांबीच्या. परंतु पहिल्याच पातळीत विषारी अळंबे निघते आणि पूर्वीच्या खेळाने सक्तीने शिकविलेला पहिला धडाच खोटा ठरतो. ज्यांनी मूळ खेळ पुरता पचविला होता त्यांच्यासाठी ही गंमत होती, नवख्यांसाठी दगाबाजी. निन्टेंडोच्या अमेरिकेतील शाखेला हा खेळ तेथील ग्राहकांसाठी फार अवघड वाटला. म्हणून १९८८ मध्ये 'डोकी डोकी पॅनिक' या वेगळ्याच जपानी खेळात पात्रे बदलून तो तेथे 'सुपर मारिओ ब्रदर्स २' या नावाने विकण्यात आला. मूळ जपानी खेळ अमेरिकेत पोहोचला तो १९९३ मध्ये, 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संचातून आणि 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावाने.