ट्रॅक्टरचे तेल घरी बदलू या

बंडीच्या आसाला वेळेवर वंगण घातले नाही, तर काय होते? चाक कुरकुरते. मग आस झिजतो आणि भर रस्त्यात बंडी बसते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की बंडी आधी कुरकुरून सांगते. इंजिन पुष्कळदा काही न सांगता एकदम जाम होते. तेव्हा नेमकी पेरणी तोंडावर असते, अन् बँकेचा हप्ताही डोक्यावर असतो.

इंजिनात लोखंडावर लोखंड फार वेगाने फिरते. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते टिकते. तेल आतली उष्णता वाहून नेते. काजळी आणि कीस आपल्या पोटात घेते. म्हणूनच डिझेलच्या इंजिनात घातलेले नवे तेल थोड्याच दिवसांत काळे दिसते. काळे झाले म्हणजे खराब झाले, असे नाही. तेल रंगावरून बदलू नका, तासांवरून बदला. मात्र ते दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. मग इंजिन सुरूच करू नका. मिस्त्रीला बोलवा.

ट्रॅक्टर किती तास चालला, हे समोरच्या मीटरवर आकड्यांत दिसते. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तासांनी तेल बदलायला सांगितलेले असते, काहींना त्याहून जास्त. नवा ट्रॅक्टर असेल तर पहिले तेल लवकर बदलतात. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा त्याच्या पुस्तिकेत आहे. तो तुम्ही स्वतः वाचा. गॅरंटी चालू असेल, तर हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

तेलाच्या डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ असे काहीतरी लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात पातळ राहते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. तो जितका मोठा, तितके तेल तापूनही दाट राहते. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्याच उन्हात नांगरणी चालते. तेव्हा पुस्तिकेत सांगितलेलाच आकडा घ्या. दुकानदार म्हणेल, “सगळी तेलं सारखीच!” ऐकू नका.

आता कामाला लागू. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. पाच मिनिटे इंजिन चालवा, म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळेल. मग इंजिन बंद करा, ब्रेक लावा, चाकाला दगड लावा, किल्ली खिशात ठेवा. चेंबरखाली घमेले ठेवा आणि पान्याने खालचा नट काढा. तेल गरम असते, हात सांभाळा. थेंब थांबेपर्यंत वाट पाहा. जुना फिल्टर काढा. त्याची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने नवे तेल लावा. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल, तर तो हातानेच आवळा. नट वायसरसह घट्ट बसवा, मगच वरून तेल ओता.

तेल गेजपट्टीच्या दोन खुणांच्या मध्ये हवे. जास्त घातले तर जास्त चांगले, असे काहींना वाटते. तसे नाही. जास्त तेल आत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. इंजिन सुरू करून तेलाचा लाल दिवा विझतो का, ते पाहा. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला, तर थोड्या वेळाने इंजिन बंद करून पट्टी पुन्हा पाहा. खाली गळत नाही ना, तेही पाहा. मग वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहा.

राहिले जळके तेल. ते नाल्यात ओतले की संपले, असे नाही. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात जाते. जमिनीवर ओतलेले तेल आपल्याच विहिरीकडे झिरपू शकते. दुसरी एक गोष्ट आम्हाला फार खुपते. खरूज किंवा गोचीड झाले, की बैलाच्या अंगाला जळके ऑइल चोपडतात. त्यात धातूचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. ती कातडीतून आत जातात, आणि बैल अंग चाटतो ते वेगळेच. गोचिडाला औषध आहे, ते जनावरांच्या दवाखान्यातून आणा. माणसाच्या कातडीलाही हे तेल वाईट. वर्षानुवर्षे लागत राहिले तर कर्करोग होऊ शकतो. काम संपताच हात साबणाने धुवा.

२०१६ च्या सरकारी नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते. म्हणून झाकणाच्या डब्यात भरा, आणि जुने तेल परवानाधारक कारखान्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या. नव्या तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, नाहीतर त्यातच नकली तेल भरून कोणीतरी पुन्हा विकेल.